जुनी लाकडी मोटरबोट आणि तिचं आउटबोर्ड इंजिन : काय वाचवायचं, काय बदलायचं

फळीवेडा

मंडळी, एक १४ फुटी लाकडी बोट आणि तिच्यासोबतचं जॉन्सन कंपनीचं क्यूडी मालिकेतलं १० हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून अडकवायचं इंजिन) असं दोन्ही एकदम दुरुस्तीला घेतलंय. दोन्ही १९५० च्या दशकातले. बोट क्लिंकर पद्धतीची, म्हणजे वरची फळी खालच्या फळीवर बाहेरून थोडी चढलेली आणि त्या चढलेल्या पट्ट्यात तांब्याचे रिव्हेट. फळ्या सीडरच्या, जेमतेम १० मिमी जाड, आतून ओकच्या वाफेवर वाकवलेल्या रिब्स, म्हणजे बोटीच्या बरगड्या. बरीच वर्षं छपराखाली कोरडी पडून होती त्यामुळे फळ्या आकसल्यात, आतून बघितलं तर जोडांमधून उजेड दिसतो.

कामाला हात घालायच्या आधी एकच गोष्ट मनात पक्की केली, आणि इथेही आधी तीच सांगतो कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरून होतायत. अशी बोट पाण्यात फुगते आणि कोरडी पडली की आकसते, तिची बांधणीच या हालचालीला धरून केलेली असते, तर आपली दुरुस्ती ही हालचाल बंद करणारी नको. आणि जे काही लावू ते तीस वर्षांनी दुसऱ्या कुणाला काढता आलं पाहिजे. ज्यांनी तांब्याचे रिव्हेट मारले त्यांनी तसाच विचार केला होता म्हणून तर आज आपल्याला ही बोट उघडता येतेय.

सगळ्यात पहिलं काम आकार. जुनी बोट दोन ओंडक्यांवर टेकवून ठेवलेली असली तर मधला कील (तळाचा कणा) वर उचलला जातो आणि नाळ (पुढचं टोक) आणि मागची बाजू खाली लोंबते, अशा अवस्थेत तुम्ही रिब्स बदलल्या तर तो वाकडेपणा कायमचा पक्का होतो. म्हणून कीलच्या खाली लांबीभर आधार, दोन्ही कुशींना (तळ वर वळतो त्या बाजूंना) पॅड लावलेले टेकू, आणि नाळेपासून ट्रान्समपर्यंत (मागच्या सपाट पाटापर्यंत) ताणलेली दोरी, एवढं झाल्याशिवाय एकही स्क्रू काढायचा नाही. टेकू रोज थोडे थोडे सरकवत आणायचे, एकदम जॅक लावून दाबलं तर कोरडी फळी चरकते.

मग कुजलेलं शोधायचं. बारीक टोकाचा टोचा घेऊन आतून फिरायचं, आणि लाकडी मुठीने टकटक करत जायचं. चांगलं लाकूड खणखणीत बोलतं, कुजलेलं बसकं. पावसाचं गोडं पाणी साचून राहतं ते कोपरे आधी बघा : ट्रान्समच्या तळाचे दोन्ही कोपरे, नाळेचा खालचा सांधा, कीलला लागून असलेल्या पहिल्या फळीची आतली बाजू, डेकच्या खाली जिथे वारा फिरत नाही तिथे. लाकडात २० टक्क्यांच्या वर ओल टिकून राहिली की बुरशीला रान मोकळं.

माझ्या बोटीत ट्रान्समचा तळ गेलाय, कुशीच्या वळणावर बऱ्याच रिब्स तडकल्यात, फळ्या मात्र दोन सोडल्या तर ठणठणीत आहेत. इंजिनाबद्दल पुढच्या प्रतिसादात लिहितो. कुणी क्लिंकर बोटीवर काम केलं असेल तर जरूर लिहा.

सागरमित्र

वाचनखूण साठवली. बोटीचं लाकूड सीडरच आहे की प्लायवूड हे नक्की तपासलंय ना? विचारतोय कारण १९५० च्या दशकात क्लिंकर बोटी बांधणारे बरेच कारखाने मरीन प्लायवूडच्या फळ्यांकडे वळले होते, अमेरिकेतल्या सँडस्कीच्या लायमनच्या बोटी त्यातल्याच. प्लायच्या फळीचं दुखणं वेगळं असतं, ती आडवी फुगत नाही फारशी, पण कडेच्या उघड्या थरातून पाणी पिते आणि थर सुटतात.

फळीवेडा

हो तपासलंय, फळीची कड खरवडून बघितली की लगेच कळतं, थर दिसले तर प्लाय. माझी अख्ख्या लाकडाची आहे. प्लायच्या बोटीत कडांना इपॉक्सी (वाळून कडक होणारं रेझिन) पाजणं योग्यच, कारण तिथे लाकूड हलत नाही. माझ्या बोटीत तेच केलं तर नुकसान.

रेझिनराव

मी थोडं वेगळं मत मांडतो. एवढी खटपट कशाला, खालून सगळी घासून घ्या, फटी इपॉक्सीने भरा आणि वरून फायबरग्लासचा कापडी थर द्या, गळतीचा विषयच संपला. मी माझ्या प्लायवूडच्या बोटीला असंच केलंय आणि ती उत्तम चालतेय.

फळीवेडा

रेझिनराव, तुमच्या बोटीला ते बरोबरच आहे आणि प्लायवर ग्लास चांगला धरतो. पण सीडरची फळी रुंदीत किती हलते ते एकदा मोजून बघा. कोरड्या बोटीत फटी इपॉक्सीने गच्च भरल्या आणि मग ती पाण्यात गेली, की फळी फुगणारच, फुगायला जागा नाही म्हणून ती शेजारच्या फळीला ढकलते, आणि त्या ढकलण्यात एकतर रिव्हेट ओढले जातात नाहीतर रिब्स मोडतात. फट ही कोरडेपणी दिसणारच, ती भरायची नसते, फळीला ती पाण्यात स्वतः मिटवू द्यायची असते. वरून ग्लासचा थर दिला तर तो काही वर्षांत कडेने सुटतो, आणि सुटलेल्या जागेत शिरलेलं पाणी बाहेर येत नाही. बाहेरून चकचकीत आणि आतून फळी भुसभुशीत अशा बोटी मी उघडून बघितल्यात, जीव तुटतो बघून.

हीच गोष्ट जोडात भरायच्या जबरदस्त चिकट पॉलियुरेथेन सीलंटची. धरतं जोरात, पण पुढे फळी काढायची वेळ आली की लाकूड फाटतं पण जोड सुटत नाही.

पटाशी

फळीवेडा यांना +१. आमच्याकडे हेच काम घरात दोन पिढ्या चालू आहे, म्हणून रिब्सबद्दल थोडं सविस्तर लिहिते.

तडकलेली रिब काढून टाकायची घाई नको. बहुतेक वेळा तिच्या शेजारी दुसरी रिब वाफवून बसवली की काम भागतं, आणि जुन्या रिबमुळे आकार धरून राहतो. पण एकाच ओळीत शेजारी शेजारी सगळ्याच रिब्स तडकल्या असतील तर मात्र एक सोडून एक करत बदला, सगळ्या एकदम काढू नका, नाहीतर बोटीला आकार कशाचाच उरत नाही.

लाकूड व्हाइट ओक घ्या, रेड ओक नको. रेड ओकच्या नळ्या मोकळ्या असतात, तुकड्याचं एक टोक साबणाच्या पाण्यात बुडवून दुसऱ्या टोकाने फुंकलं तर बुडबुडे येतात, म्हणजे पाणीही तसंच आत चढतं. व्हाइट ओकच्या नळ्या आतून बुजलेल्या असतात. आणि भट्टीत वाळवलेलं लाकूड आणू नका, ते वाकताना तडकतं, हवेत वाळवलेलं किंवा ओलसरच चांगलं. रेषा सरळ हव्यात, रिबच्या मध्येच रेषा कडेला निघून जात असेल तर तो तुकडा बाजूला ठेवा कारण तिथेच तो मोडणार.

वाफ देताना साधारण हिशोब एक इंच जाडीला एक तास. पेटीतून काढल्यापासून जेमतेम अर्धं मिनिट हातात असतं, म्हणून क्लॅम्प, हातमोजे, कुठे काय धरायचं, सगळं आधी एकदा कोरडं करून बघायचं. रिब कुशीच्या वळणावर बसवताना पाय देऊन दाबायची आणि टोकाला किंचित पीळ द्यायचा म्हणजे ती फळीला सपाट टेकते.

फळीवेडा

पटाशीताई, फार मोलाचं लिहिलंत, एक सोडून एक हा क्रम मी लगेच घेतोय.

रिव्हेटबद्दल माझ्याकडून भर. हे काम दोघांचं. बाहेरचा माणूस खिळ्याच्या डोक्यावर जड लोखंडी ठोकळा दाबून धरतो, आतला माणूस तांब्याचा खोलगट वायसर टोकावर ठोकून खाली बसवतो, जास्तीचं टोक वायसरच्या अगदी वर थोडंसं ठेवून कापतो, आणि मग गोल तोंडाच्या हलक्या हातोडीने कडेकडेने टोचत ते पसरवतो. मोठे घाव घातले तर खिळा फळीच्या आतल्या आत वाकतो आणि वरून दिसतही नाही. बारीक घाव, पुष्कळ घाव. आवाजावर लक्ष ठेवायचं, सुरुवातीला पोकळ टपटप येते, मग एका क्षणी आवाज घट्ट होतो, तिथेच थांबायचं, त्याच्या पुढचे घाव सीडरमध्ये डोकं रुतवतात आणि फळी रेषेत चिरते. बाहेर ठोकळा धरणाऱ्यालाही तो फरक हाताला कळतो, आम्ही दोघं एकदमच "झालं" म्हणतो.

आणि जुने ढिले रिव्हेट सगळे बदलायची गरज नसते. बऱ्याच ठिकाणी मागून ठोकळा धरून आतून चार हलके घाव दिले की तेच पुन्हा धरतात.

स्क्रू मात्र नीट बघा. ज्या बोटींना पितळी स्क्रू आहेत आणि ज्या खाऱ्या पाण्यात राहिल्यात, त्यातला एखादा काढून घासा. रंग पिवळा न दिसता गुलाबीसर दिसला तर त्यातलं जस्त निघून गेलंय, स्क्रू दिसायला अख्खा पण चिमट्यात धरून पिरगळला की बिस्किटासारखा तुटतो. पाण्याखालच्या भागात सिलिकॉन ब्राँझच घाला.

नवखा_नाविक

मी अजून एकही बोट दुरुस्त केलेली नाही, फक्त वाचतोय, पण प्रश्न असा की जुना रंग कसा काढायचा? हीट गन चालेल का?

पटाशी

वॉर्निशला हीट गन आणि स्क्रेपर चालेल. रंगाला नको. त्या काळच्या रंगात, फटीतल्या पुटीत आणि प्रायमरमध्ये शिसं असण्याची दाट शक्यता, तापवलं की धूर आणि कोरडं घासलं की धूळ, दोन्ही पोटात जायला नको. ओलं घासा किंवा केमिकल स्ट्रिपर वापरा, चांगला मास्क लावा, खाली प्लास्टिक अंथरा, लहान मुलांना आसपास येऊ देऊ नका. काम झालं की ते कपडे वेगळे धुवा.

काळे डाग पडलेले असतील तर ऑक्झॅलिक ॲसिडने उतरतात, लोखंडामुळे ओकवर पडलेले तर हमखास. नंतर भरपूर पाण्याने धुवा, आणि वाळल्यावर जी पांढरी भुकटी राहते ती झटकू नका, पुन्हा ओल्या फडक्याने पुसा, नाकात गेली तर फार झोंबते.

फळीवेडा

आता इंजिन.

थोडी पार्श्वभूमी देतो कारण सुटे भाग शोधताना तिचा उपयोग होतो. ओल एव्हिनरूड यांचं आउटबोर्ड १९०९ मध्ये बाजारात आलं, जॉन्सनचं हलकं ॲल्युमिनियमचं इंजिन १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला. १९३० च्या दशकाच्या मध्यात जॉन्सन आणि एव्हिनरूड एकाच छत्राखाली आले, ती पुढे आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशन, लोक ओएमसी म्हणतात. म्हणून या दोन नावांच्या इंजिनांचे आतले पुष्कळ भाग एकमेकांना चालतात. क्यूडी १९४९ मध्ये आलं आणि त्याच्यासोबत पुढे-न्यूट्रल-मागे असा गिअर आणि बाहेरची वेगळी टाकी आली, त्याआधी बऱ्याच इंजिनांत टाकी डोक्यावरच असायची. कंपनी २००० साली दिवाळखोरीत गेली पण इंजिनं एवढी विकली गेली होती की कॉईल, पॉइंट्स (ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क), इम्पेलर (थंडाव्याचं पाणी चढवणारं रबरी चाक), कार्ब्युरेटरचं किट अजून नवीन बनून मिळतात. मॉडेल नंबरची पट्टी ब्रॅकेटवर असते, ती घासून टाकू नका, भाग मागवताना तोच नंबर लागतो.

पडून असलेल्या इंजिनाची दोरी पहिल्याच दिवशी खेचायची नाही. दोन्ही प्लग काढा, सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडा, राहू द्या, मग फ्लायव्हील (इंजिनावरचं जड चाक) हाताने घड्याळाच्या काट्याच्या दिशेने हळू फिरवून बघा. फिरलं की कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजा. आकडा किती आला यापेक्षा दोन्ही सिलिंडर एकमेकांच्या १० टक्क्यांत आहेत का ते महत्त्वाचं.

माझ्या इंजिनाचे दोन्ही सिलिंडर जवळजवळ सारखे आले, त्यामुळे उघडायची गरज पडली नाही. मग मॅग्नेटो, म्हणजे फ्लायव्हीलखालचा ठिणगी तयार करणारा भाग. फ्लायव्हील काढायला तीन बोल्ट घेणारा पुलरच वापरा, त्यासाठी फ्लायव्हीलला आटे पाडलेली भोकं असतात. कडेला पंजे लावून ओढू नका, वरून शाफ्टवर हातोडा मारू नका.

आत बघितलं तर अपेक्षेप्रमाणे दोन्ही कॉईलचं आवरण उभं तडकलेलं, एका फटीतून तांब्याची तार दिसत होती. त्या काळातल्या ओएमसीच्या कॉईलचं हे ठरलेलं दुखणं. अशा कॉईलवर इंजिन थंड असताना कधी सुरू होतं पण गरम झालं किंवा हवा दमट असली की ठिणगी आतल्या आत गळते. सरळ बदला. पॉइंट्सची फट ०.०२० इंच, कॅमच्या सगळ्यात उंच जागी मोजायची. नव्या पॉइंट्सवरही तेलाचा पातळ पापुद्रा असतो, थिनरमध्ये बुडवलेला कोरा कागद त्यांच्यातून ओढून काढा, नाहीतर सगळं नवीन घालूनही ठिणगी येत नाही आणि माणूस कॉईलला दोष देत बसतो. ठिणगी ६ मिमीची फट उडी मारून पार करते का ते बघा, करत असेल तर मॅग्नेटो तयार. फ्लायव्हील परत बसवताना शाफ्टचा निमुळता भाग आणि आतली बाजू दोन्ही कोरडे स्वच्छ, तेलाचा थेंबही नको, आणि नट टॉर्क रेंचने.

दोन_सिलिंडर

अगदी नेमकं. कार्ब्युरेटर उघडलात का? त्यातल्या कॉर्कच्या फ्लोटचं (पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या तुकड्याचं) काय?

फळीवेडा

उघडला. फ्लोट बोलच्या तळाशी तपकिरी पापुद्रे पडले होते. जुन्या कॉर्कला शेलॅकचा लेप असायचा, आणि हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये शेलॅक विरघळतो. लेप गेला की कॉर्क पेट्रोल पितो, जड होतो, खाली बसतो, पेट्रोल अडवणारी नीडल बंदच होत नाही आणि कार्ब्युरेटर वाहायला लागतो. सुटलेले पापुद्रे जेटमध्ये अडकतात ते वेगळंच. कॉर्क बदलून नवीन मटेरियलचा फ्लोट टाकलाय. कॉर्कच ठेवायचा असेल तर इथेनॉलला दाद न देणारा लेप द्यावा लागतो.

पेट्रोलचं प्रमाण ठरवणाऱ्या समोरच्या दोन नीडल्सची सुरुवातीची जागा : हायस्पीड साधारण एक फेरा बाहेर, स्लोस्पीड दीड फेरा. बंद करताना फक्त टेकेपर्यंत, आवळलं तर नीडलच्या टोकाला कायमची खाच पडते. शेवटची सेटिंग पाण्यात, बोटीला लावून, वजन घेऊनच करायची, पिंपात केलेली हायस्पीडची सेटिंग खरी नसते.

दोन_सिलिंडर

तेल किती मिसळताय? आणि टाकी कोणती, ती दोन नळ्यांची प्रेशर टाकी आहे का?

फळीवेडा

२४:१, म्हणजे लिटरला साधारण ४२ मिली टू-स्ट्रोक आउटबोर्डचं तेल. नव्या इंजिनांचं ५०:१ या इंजिनाला नको, क्रँकशाफ्ट ब्राँझच्या बुशवर फिरते, तिला जास्त तेल लागतं. धूर थोडा जास्त होतो तेवढं चालायचंच.

टाकी हो, दोन नळ्यांचीच. इंजिनाच्या क्रँककेसमधली हवा एका नळीने टाकीत जाते, टाकीत थोडा दाब तयार होतो आणि त्या दाबाने पेट्रोल दुसऱ्या नळीने इंजिनाकडे. सुरुवातीला टाकीवरचं बटण दाबून पेट्रोल चढवायचं.

रेझिनराव

ही प्रेशर टाकी मात्र मला खरंच धोक्याची वाटते. पेट्रोल पंप बसवून एका नळीची टाकी का नाही लावत? तुमचाच नियम आहे ना, काढता येईल असं काम, मग पंपही पुढे काढता येईलच.

दोन_सिलिंडर

रेझिनरावांचा मुद्दा बरोबर आहे. दाबाखालच्या टाकीची नळी फुटली तर पेट्रोल थेंबथेंब गळत नाही, फवारा उडतो, आणि शेजारी गरम इंजिन. क्रँककेसच्या दाबाच्या झटक्यांवर चालणारा डायफ्रॅमचा छोटा पंप या इंजिनांना बसतो, फक्त आतले हवेचे चेक व्हॉल्व्ह बंद करावे लागतात हे लक्षात ठेवा नाहीतर पंपाला झटका मिळत नाही.

फळीवेडा

यावर मी खूप विचार केला. मूळ टाकी सुंदर आहे, तिच्यावरचा रंग आणि अक्षरं शाबूत आहेत, तिचं डायफ्रॅम, गॅस्केट आणि दोन्ही नळ्या नव्या घातल्या तर ती चालेलही. पण रेझिनरावांनी माझाच नियम माझ्यासमोर ठेवला आणि तो इथे लागू पडतो. पंप बसवतोय. काढलेले व्हॉल्व्ह चिठ्ठी लावून पिशवीत, मूळ टाकी साफ करून, पेट्रोलशिवाय, बोटीच्या सामानात. ज्या भागावर माणसांचा जीव अवलंबून आहे तिथे मूळपणाचा हट्ट नको असं माझं स्पष्ट मत आहे.

ज्यांना प्रेशर टाकी ठेवायची आहे त्यांनी झाकण उघडायच्या आधी दाब सोडायचा, प्रत्येक वेळी. आणि टाकी कुठलीही असो, भरायची ती बोटीच्या बाहेर काढून, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळात जाऊन बसते आणि वरून वास येत नाही.

सागरमित्र

पाण्याचा पंप तपासलात का? या इंजिनांना आजच्यासारखी पाण्याची धार बाहेर येत नाही, त्यामुळे नवीन माणसं घाबरतात.

फळीवेडा

इम्पेलर न बघताच बदलायचा, एवढी वर्षं एकाच जागी दबून राहिलेला रबर उभा राहत नाही, पाकळ्या वळलेल्याच राहतात. गिअरकेस उतरवताना गंजलेल्या स्क्रूंना गरम करा आणि धीर धरा. परत चढवताना ड्राइव्हशाफ्टच्या वरच्या दात्यांच्या बाजूंना ग्रीस लावा, टोकावर थापू नका, टोकावर ग्रीस दाबलं गेलं तर शाफ्ट पूर्ण बसत नाही.

गिअरचं तेल खालच्या भोकातून भरत जायचं, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. काढलेलं तेल दुधाळ असेल तर सील गेलेत.

पिंपात चालवलं तेव्हा इंजिनाच्या पायाच्या (पाण्यात उतरणाऱ्या भागाच्या) मागच्या बाजूला, पाण्याच्या पातळीच्या वर जी छोटी भोकं आहेत, त्यातून आधी नुसता निळसर धूर आला, थोड्या वेळाने त्यात पाण्याचे बारीक तुषार मिसळून यायला लागले आणि हात धरला तर ओला होत होता. पाणी चढतंय याची खूण तीच. खात्रीसाठी सिलिंडर हेडवर पाण्याचा थेंब टाका, चर्र आवाज आला तर लगेच बंद करा. कोरड्यावर एक क्षणही चालवू नका.

नवखा_नाविक

आणि ट्रान्समचं काय केलं? इंजिन त्यावरच लटकणार ना?

फळीवेडा

ट्रान्सम पूर्ण नवा. जुना काढून त्याच्यावरूनच साचा घेतला. इंजिनाचा सगळा जोर तिथे येतो, नुसतं वजन नाही, पुढे ढकलण्याचा रेटा आणि लाटेवरचे झटके, म्हणून इथे ठिगळ नको. इंजिन टेकतं तिथली उंची १५ इंच ठेवली कारण इंजिनाचा पाय शॉर्ट शाफ्ट, म्हणजे आखूड आहे. कडा आणि सगळी भोकं वॉर्निश पाजून बंद केली, कारण लाकूड सगळ्यात जास्त पाणी टोकाच्या बाजूने पितं. इंजिनाच्या क्लॅम्पखाली आतून कडक लाकडाचा पॅड आणि वेगळी साखळी, क्लॅम्प ढिले झाले तरी इंजिन तळाला जाणार नाही.

वॉर्निशचं एक सांगतो. पहिला हात निम्मा थिनर घालून, म्हणजे तो आत मुरतो. मग प्रत्येक वेळी कमी पातळ करत, मध्ये २२० नंबरचा पॉलिश पेपर, किमान सहा हात. कडक उन्हात लावू नका, वरचा थर आधी वाळतो आणि खाली बुडबुडे अडकतात. आतल्या बाजूला मात्र जाड वॉर्निश दिलं नाही, बॉइल्ड जवस तेल आणि टर्पेंटाइन दिलं, लाकडाला ओल सोडता आली पाहिजे. तेलाची फडकी चुरगळून टाकू नका, स्वतःहून पेट घेतात, पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

पटाशी

पाण्यात कधी सोडताय? फुगवण्याबद्दल एक कळकळीची सूचना. ट्रेलरवर असताना आत पाणी भरून फुगवू नका. बरेच जण करतात. आतल्या पाण्याचं वजन फळ्यांना बाहेर ढकलतं आणि बाहेरून आधार काहीच नसतो, जोड उघडतात. आत ओली गोणपाटं अंथरा, रोज शिंपडत राहा, बाहेरून ओली चादर.

फळीवेडा

तसंच केलं ताई. आठवडाभर ओल्या गोणपाटाखाली ठेवली, मग तळ्यात उथळ जागी सोडली, पट्ट्यांवर तोलून, आत बॅटरीचा पंप, आणि रात्री आळीपाळीने पहारा. पहिल्या संध्याकाळी पंप जवळजवळ सलग चालू होता. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अधूनमधून. तिसऱ्या सकाळी कीलच्या शेजारच्या एका जोडातून तेवढं झिरपत होतं, बाकी कोरडी. फटीत काहीही भरलेलं नाही.

इंजिन दोन दिवसांनी लावलं, बोट पूर्ण फुगल्यावरच. हायस्पीड नीडल पाण्यात थोडी आणखी उघडावी लागली.

दोन_सिलिंडर

वा! अभिनंदन. शिअर पिन (आपटल्यावर मुद्दाम तुटणारी प्रोपेलरची पिन) जादा ठेवल्यात का सोबत? आणि खाऱ्या पाण्यात नेणार असाल तर प्रत्येक वेळी गोड्या पाण्यात पिंपात चालवून धुवा, ॲल्युमिनियमच्या आतल्या वाटा मिठाने बुजतात.

फळीवेडा

शिअर पिन, कॉटर पिन, जादा प्लग आणि प्लगचा पाना, सगळं एका डब्यात बाकाखाली बांधलंय. पिन योग्य मापाची आणि योग्य धातूचीच घ्या, तिच्या जागी स्टीलचा खिळा घालू नका, दगडाला आपटल्यावर पिन तुटण्याऐवजी गिअर तुटतात. वल्ही सोबत आहेतच. सध्या गोड्या पाण्यातच चालवणार. मोसम संपला की पेट्रोल पूर्ण काढून कार्ब्युरेटर रिकामा करणार, गिअरचं तेल बदलणार आणि इंजिन उभंच ठेवणार म्हणजे आत पाणी राहत नाही.

नवखा_नाविक

मला एक जुनी बोट मिळण्यासारखी आहे, फळ्या प्लायच्या वाटतायत, कडेला थर सुटलेत. बघायला जाऊ तेव्हा काय काय नेऊ?

फळीवेडा

टोचा, टॉर्च, दोरी, छोटा आरसा. आधी दोरी लावून कील सरळ आहे का बघा, मग टॉर्च घेऊन ट्रान्समचे आतले कोपरे. थर कडेच्या बोटभर रुंदीतच सुटले असतील तर काम होण्यासारखं आहे, फळीच्या मधोमध टोचा सहज शिरला तर ती फळी पूर्ण बदलायची तयारी ठेवा. फोटो काढून इथेच टाका. प्लायचं काम असल्याने रेझिनरावांना माझ्यापेक्षा जास्त सांगता येईल.

रेझिनराव

नक्की. कडांचे फोटो जवळून काढा, आणि एक फोटो फळीचा जोड आतून.